वसाहतीत सापडलेला सांगाडा मूळचा कुठला? नवख्यांसाठी मार्गदर्शक

२०१२ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, जेम्सटाउनच्या जुन्या किल्ल्यातलं एक तळघर उकरताना कचऱ्याच्या थरात घोड्याकुत्र्यांची हाडं निघाली आणि त्यांच्यातच एका माणसाची फुटलेली कवटी, दात आणि नडगीचं हाड. जेम्सटाउन ही इंग्रजांची अमेरिकेतली पहिली तग धरलेली वसाहत, १६०७ सालची. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथे अशी उपासमार झाली की ३०० च्या आसपास माणसांतली जेमतेम ६० वाचली. ही हाडं त्याच हिवाळ्यात गेलेल्या, सुमारे १४ वर्षांच्या एका मुलीची. मागे उरलेल्यांनी भुकेपोटी तिच्या प्रेताचं काय केलं, तेही हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी सांगितलं. तिचं नाव कुठल्याही कागदाशी जुळलं नाही, म्हणून संशोधकांनी तिला 'जेन' म्हणायला सुरुवात केली. पण ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे वाढली असावी, एवढं तिच्या अवशेषांच्या रासायनिक तपासणीतून कळलं. नाव गेलं, मुलूख राहिला.

हे कसं कळतं, आणि असं काम करताना कुठल्या क्रमाने पुढे जायचं, ते इथे सांगतो. पुरातत्त्व किंवा शारीरिक मानवशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्यांना, उत्खननावर मदतनीस म्हणून जाणाऱ्यांना आणि असे अहवाल वाचताना गोंधळणाऱ्यांना ते उपयोगी पडावं.

सगळ्यांत आधी: 'मूळचा कुठला' म्हणजे नेमकं काय विचारताय?

बहुतेक नवखे इथेच चुकतात. 'मूळचा कुठला' या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. हा माणूस लहानपणी कुठल्या मातीतलं अन्नपाणी खाऊन वाढला? त्याचे पूर्वज कुठल्या लोकांतले? मरणाआधीची वर्षं त्याने कुठे काढली? आणि तो स्वतःला कोणांतला समजत होता, किंवा पुरणाऱ्यांनी त्याला कोणांतला समजून पुरलं?

गावात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसाच्या बाबतीत या चारींची उत्तरं बहुधा एकच येतात. वसाहतीत तसं होत नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या एका बाईला व्हर्जिनियात मुलगी झाली, असं समजा. ती तिथेच मक्याच्या अन्नावर वाढली, बाप्तिस्मा होऊन ख्रिस्ती पद्धतीने पुरली गेली. तिचे दात 'व्हर्जिनिया' म्हणतील, डीएनए 'पश्चिम आफ्रिका' म्हणेल आणि थडगं 'ख्रिस्ती' म्हणेल. तिन्ही साक्षी खऱ्या आहेत, कारण प्रत्येक साक्षीदाराला विचारलेला प्रश्न वेगळा होता. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा: आपल्याला यांतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय आणि त्यासाठी कुठला पुरावा चालेल. पुढचं सगळं काम यावर उभं राहतं.

पहिली पायरी: हात मागे घ्या

मानवी हाड दिसलं की खोदणं थांबवायचं. हाड जुनं आहे असं तुम्हाला कितीही वाटलं तरी आधी पोलिसांना कळवायचं. ते अलीकडचं नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही. त्यानंतर परवानगीचा प्रश्न येतो आणि तो देशागणिक वेगळा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरलेले अवशेष हलवायला साधारणपणे न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. अमेरिकेत केंद्र सरकारच्या किंवा जमातींच्या जमिनीवर मूलनिवासींचे अवशेष सापडले तर १९९० चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि त्या जमातींशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भारतात संरक्षित स्थळी उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते.

कायद्याच्या पलीकडची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही माणसं कोणाची तरी आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीच्या पायाचं काम सुरू असताना आफ्रिकी लोकांची जुनी दफनभूमी उघडी पडली. १६९० च्या दशकापासून १७९४ पर्यंत तिथे गुलाम आणि मुक्त अशा दोन्ही प्रकारच्या कृष्णवर्णीयांना पुरलं जात होतं. एकूण दफनं १५,००० च्या घरात असावीत असा अंदाज आहे. सुरुवातीला बांधकामाच्या घाईतच सांगाडे काढले जात होते. शहरातल्या आफ्रिकी-अमेरिकन लोकांनी रस्त्यावर उतरून ते थांबवलं आणि अभ्यास हॉवर्ड विद्यापीठात, मायकेल ब्लेकी यांच्याकडे गेला. प्रश्नही तिथेच बदलले. आधी 'हे कुठल्या वंशाचे' एवढंच विचारलं जात होतं. वंशजांशी बसून ठरवल्यावर 'हे आफ्रिकेच्या कुठल्या भागातून आले, इथे त्यांचं आयुष्य कसं गेलं, त्यांनी प्रतिकार कसा केला' असे प्रश्न पुढे आले. अभ्यास अधिक चांगला झाला तो त्यामुळेच. तेव्हा वंशज समाजाला निष्कर्ष ऐकायला शेवटी बोलावू नका. प्रश्न ठरवतानाच ते समोर असले पाहिजेत.

दुसरी पायरी: जमिनीत असतानाच वाचून घ्या

सांगाडा उचलला की अर्धी माहिती जागच्या जागी संपते. पंजाबात अजनाला इथे २०१४ साली एका विहिरीतून मोठ्या संख्येने मानवी हाडं निघाली, पण ती काढली हौशी लोकांनी, शास्त्रीय उत्खननाशिवाय. कुठलं हाड कुठल्या माणसाचं, कोण वर, कोण खाली, हे कायमचं गेलं. हाती उरले तुटके तुकडे आणि हजारो सुटे दात. त्या दातांनी पुढे काय करून दाखवलं ते खाली येईल. पण अशा नशिबावर विसंबून राहू नका.

डोकं कुठल्या दिशेला आहे, हात छातीवर की बाजूला, माणूस उताणा की कुशीवर, हे आधी टिपा. ख्रिस्ती दफनात सहसा डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात. मुस्लिम दफनात शरीर उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे. शवपेटीचं लाकूड कुजून गेलेलं असतं, तरी खिळे आपापल्या जागी उरतात, आणि प्रत्येक खिळ्याची जागा नकाशावर मांडली की पेटीचा आकार दिसू लागतो. कवटीवर किंवा जबड्याजवळ हिरवा डाग दिसला तर तो बहुधा कफनाला लावलेल्या तांब्या-पितळेच्या टाचणीचा असतो. माती बारीक चाळणीतून काढा. मणी आणि सुटे पटाशीचे दात नेहमी चाळणीतच सापडतात.

काळ ठरवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण 'कार्बन-१४ करून टाकू' हे नवख्यांचं आवडतं वाक्य आहे. साधारण १६५० नंतरच्या काळात कार्बन-१४ चा आलेख इतका चढउतार करतो की एकाच नमुन्याला दोन-तीनशे वर्षांच्या पट्ट्यातली वेगवेगळी उत्तरं मिळतात. भरीला समुद्री मासे खाणाऱ्याचं हाड खऱ्याहून जुनं दिसतं. वसाहतकाळासाठी थडग्याच्या भरावातली साधीसुधी वस्तू कित्येकदा जास्त कामाची ठरते. मातीच्या इंग्रजी चिलमींच्या नळीचं भोक सतराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत हळूहळू अरुंद होत गेलं. पुरेसे तुकडे मोजले तर काळाचा बरा अंदाज येतो.

वस्तूंवरून माणसाचा मुलूख ठरवताना मात्र हात आखडता घ्या. व्हेनिसचे काचमणी आफ्रिकेत विकले जात आणि अमेरिकेतही. मणी कुठला, यावरून माणूस कुठला हे ठरत नाही. मणी कसे घातले होते याला जास्त किंमत द्या. न्यूयॉर्कच्या त्या दफनभूमीतल्या ३४० क्रमांकाच्या थडग्यातल्या बाईच्या कमरेभोवती मण्यांची माळ होती आणि तिचे दात मुद्दाम घासून आकार दिलेले होते. माळ कमरेला असणं आणि दात घासलेले असणं, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर आफ्रिकेत जन्मल्याची शक्यता बळावते.

उचलण्याआधी दोन कामं चुकवू नका. एक: डीएनएसाठी निवडलेल्या दाताला किंवा हाडाला हातमोजे आणि मास्कशिवाय कोणी शिवायचं नाही, ते धुवायचं नाही, त्यावर कुठलंही लेपद्रव्य लावायचं नाही. दोन: थडग्यातली आणि थडग्याबाहेरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घ्यायची. पुढे समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) तपासणीत तीच तुमची तुलनेची पट्टी असते.

तिसरी पायरी: टेबलावर हाडं मांडल्यावर

वय आणि लिंग आधी ठरवा. मुलांचं वय दात किती घडले आणि फुटले यावरून चांगलं कळतं. तरुणांचं हाडांची टोकं कितपत सांधली यावरून. हंसळीचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं) छातीकडचं टोक सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आगेमागे पूर्ण सांधतं. लिंगासाठी श्रोणी, म्हणजे कमरेची हाडं, सर्वांत भरवशाची. ती नसेल किंवा सांगाडा मुलाचा असेल, तर आता एनॅमलमधल्या (दातावरच्या कठीण आवरणातल्या) प्रथिनांवरूनही लिंग सांगता येतं.

कवटीच्या मापांवरून 'हा युरोपीय, हा आफ्रिकी' असं ठरवण्याची जुनी पद्धत अजून शिकवली जाते. शिका, पण तिच्या जोरावर निकाल देऊ नका. मापं एकमेकांत मिसळलेली असतात, तुलनेसाठी वापरलेले संग्रह अपुरे असतात, आणि वसाहतीत तर दोन-तीन खंडांतल्या पूर्वजांची लेकरं एकाच स्मशानात असतात. फावड्यासारख्या खोलगट आतल्या बाजूचे पटाशीचे दात पूर्व आशियाई आणि अमेरिकी मूलनिवासींत जास्त आढळतात. पण 'जास्त आढळतात' म्हणजे 'फक्त त्यांच्यातच' नव्हे.

सवयीच्या खुणा बघा. मातीची चिलीम वर्षानुवर्षं दातांत धरणाऱ्याच्या वरखालच्या दातांत गोल खाच पडते. मुद्दाम घासलेले किंवा टवके काढलेले दात ही मोठी खूण आहे, पण तीही एकटीने पुरत नाही. मेक्सिकोतल्या काम्पेचे इथल्या वसाहतकालीन दफनभूमीत असे दात सापडले तेव्हा प्रश्न उभा राहिला, कारण दात घासण्याची चाल तिथल्या माया लोकांतही होती. निकाल रसायनाने लावला. तिकडे जायच्या आधी मात्र एक काम आहे.

चौथी पायरी: कागद

प्रयोगशाळेला नमुने पाठवण्याआधी कागद वाचून घ्या. चर्चच्या दफननोंदी, जहाजांच्या याद्या, कंपनीचे हिशेब, मृत्युपत्रं. व्हर्जिनियात १६२४-२५ साली वसाहतीतल्या माणसांची घरोघर गणती झाली, आणि अनेकांच्या नावापुढे ते कुठल्या जहाजातून, कुठल्या साली आले हेही लिहिलं आहे. अशा नोंदींतून संभाव्य माणसांची यादी करता येते.

जेम्सटाउनमध्येच २०१३ साली १६०८ च्या चर्चच्या पूर्वेकडच्या, मानाच्या भागात चार थडगी उघडली. हाडं फारच वाईट अवस्थेत होती. संशोधकांनी आधी जागा पाहिली: तिथे फक्त मानाच्या माणसांना पुरत. मग काळ: ते चर्च थोडीच वर्षं वापरात होतं. मग त्या वर्षांत मेलेल्या प्रतिष्ठितांची यादी करून एकेकाचं वय सांगाड्यांशी ताडून पाहिलं. कफनात, पेटीशिवाय पुरलेला माणूस पाद्री रॉबर्ट हंट ठरला. ज्याच्या पेटीवर चांदीची छोटी डबी ठेवली होती, तो कॅप्टन गेब्रिएल आर्चर. उरलेले दोघे सर फर्डिनांडो वेनमन आणि कॅप्टन विल्यम वेस्ट. त्यांच्या हाडांत शिशाचं प्रमाण बरंच होतं, कारण शिसं मिसळलेली कथिलाची आणि शिशाची झिलई दिलेली भांडी त्या काळी पैसेवाल्यांच्या घरीच असत.

गोष्ट इथे थांबली नाही. वेनमन आणि वेस्ट हे दोघेही गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉरचे नातलग. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात दोघांची आईकडची रेषा एकच निघाली. छापील वंशावळीत हे नातं दिसत नव्हतं. पुन्हा कागद धुंडाळले तेव्हा कळलं की विल्यम हा त्या घराण्यातल्या एका अविवाहित स्त्रीचा मुलगा असावा. कागदाने हाडाला नाव दिलं आणि हाडाने कागदातली लपवाछपवी उघडी केली. दोन्हींकडे जा-ये करत राहावं लागतं, ते यासाठी.

अर्थात कागदात ज्यांची नावंच लिहिली नाहीत, त्यांच्यासाठी हा रस्ता बंद असतो. गुलाम, नोकर, मूलनिवासी, बायका. त्यांच्यासाठी पुढच्या दोन पायऱ्या हाच काय तो आधार आहे, म्हणून त्या सर्वांत काळजीने चढायच्या.

पाचवी पायरी: दात आणि हाड, कुठलं कशासाठी

नमुना घेतला की तो भाग नष्ट होतो. म्हणून आधी फोटो, मापं, साचा, जमल्यास सीटी स्कॅन. मगच कापणं. आणि कुठला भाग कापायचा, हे पहिल्या पानावरच्या प्रश्नावरून ठरतं.

एनॅमल एकदा घडलं की बदलत नाही. पहिल्या कायम दाढेचं एनॅमल जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडतं, दुसऱ्या दाढेचं सुमारे तिसऱ्या ते आठव्या वर्षात, अक्कलदाढेचं आठ-नऊपासून किशोरवयापर्यंत. म्हणजे एकाच जबड्यात बालपणाचे तीन कप्पे आहेत. पहिली दाढ एक प्रदेश सांगते आणि अक्कलदाढ दुसरा, तर ते मूल साधारण तिसऱ्या वर्षानंतर आणि किशोरवय संपायच्या आत कधीतरी हलवलं गेलं. गुलामांच्या व्यापाराच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो ते आकडा लिहिताना मनात असू द्या.

हाड मात्र आयुष्यभर झिजतं आणि नव्याने भरतं. मांडीच्या हाडात दहा-वीस वर्षांची सरासरी असते. बरगडी लवकर बदलते, तिच्यात शेवटची काही वर्षं. तेव्हा दात म्हणजे बालपण, मांडी म्हणजे प्रौढपण, बरगडी म्हणजे अखेर. परवडत असेल तर तिन्ही घ्या. डीएनएसाठी कानाच्या आतल्या भागाला वेढणारं, 'पेट्रस' नावाचं अतिघट्ट हाड सर्वांत उत्तम.

सहावी पायरी: समस्थानिक काय सांगतात

स्ट्रॉन्शियमपासून सुरू करू. खडकांत रुबिडियम-८७ असतं. ते अतिशय संथपणे मोडून स्ट्रॉन्शियम-८७ बनतं. अर्धं मोडायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. म्हणून जुन्या, रुबिडियम भरपूर असलेल्या खडकांत स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर जास्त असतं, तरुण ज्वालामुखी खडकांत कमी. खडकाची माती होते, मातीतून ते पिकात, पिकातून माणसात येतं आणि कॅल्शियमची जागा घेऊन एनॅमलमध्ये बसतं. आजच्या समुद्राचं गुणोत्तर ०.७०९२ आहे. चुनखडीच्या प्रदेशांत ते त्याच्या जवळपास किंवा थोडं खाली असतं, अतिप्राचीन ग्रॅनाइटी प्रदेशांत ०.७२ च्याही वर जातं.

काम्पेचेत हेच कामी आलं. काम्पेचे ज्या युकातान द्वीपकल्पात आहे, तिथली जमीन चुनखडीची. तिथे वाढलेल्या माणसाचा आकडा ०.७०८-०.७०९ च्या आसपास यायला हवा. घासलेल्या दातांच्या काही माणसांचा आकडा ०.७३ च्या वर गेला. असा आकडा युकातानमध्ये शक्य नाही; पश्चिम आफ्रिकेच्या प्राचीन खडकांच्या पट्ट्याशी मात्र तो जुळतो. २००६ साली डग्लस प्राइस, व्हेरा टिस्लर आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. ती माणसं आफ्रिकेत जन्मून वसाहतीत आलेल्या पहिल्या पिढीतली होती.

आता खबरदारी. सारखा आकडा जगात अनेक ठिकाणी येतो. त्यामुळे स्ट्रॉन्शियम 'इथला नाही' हे ठामपणे सांगतं, 'तिथलाच' हे क्वचित. 'इथला' म्हणजे काय हे कळायला स्थानिक पट्टी लागते: त्या परिसरातली झाडं, गोगलगायी, उंदरांचे दात, माती. आणि शक्यतो एनॅमलच वापरा. पुरलेलं हाड आजूबाजूच्या मातीतलं स्ट्रॉन्शियम शोषून घेतं, मग परका माणूसही स्थानिक दिसू लागतो.

ऑक्सिजन पिण्याच्या पाण्यातून येतो. समुद्रापासून आत, उंचावर किंवा थंड प्रदेशात गेलं की पावसातला जड ऑक्सिजन कमी होत जातो. पहिल्या दाढेत मात्र अंगावरच्या दुधाचा परिणाम उतरतो आणि आकडा थोडा चढा दिसतो, म्हणून दुसरी किंवा तिसरी दाढ बरी.

कार्बन पिकांची जात सांगतो. गहू, तांदूळ, बार्ली ही एका पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारी. मका, ज्वारी, बाजरी, ऊस ही दुसऱ्या पद्धतीची. फक्त पहिल्या गटावर जगणाऱ्याच्या हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाचा (जड कार्बनचं प्रमाण सांगणारा) आकडा उणे २० च्या आसपास येतो, दुसऱ्या गटावर जगणाऱ्याचा उणे १० च्याही वर. जेम्सटाउनसारख्या ठिकाणी हे फार उपयोगी पडतं: गव्हावर वाढलेला इंग्रज वसाहतीत मका खाऊ लागला की वर्षागणिक त्याच्या हाडाचा आकडा मक्याकडे सरकत जातो. नवा आलेला आणि मुरलेला, दोघे वेगळे ओळखता येतात. नायट्रोजन मांस-मासे किती हे सांगतो. दक्षिण आफ्रिकेत केपजवळच्या वेरखेलेखन या डच शेतवाडीवर गुलामांच्या वस्तीत सापडलेल्या एका बाईच्या अवशेषांत बालपणी उष्ण प्रदेशातलं ज्वारी-बाजरीसारखं अन्न आणि नंतर वेगळाच आहार दिसला. ती केपची नव्हती, दुसरीकडून आणलेली होती.

कोलॅजेन खराब झालं असेल तर आकडे निरर्थक असतात. कार्बन-नायट्रोजनचं अणुगुणोत्तर २.९ ते ३.६ च्या दरम्यान आहे का, ते अहवालात आधी शोधा. नसेल तर पुढचं वाचूच नका.

सातवी पायरी: डीएनए

जुना डीएनए तुकड्यातुकड्यांत असतो आणि तुकड्यांच्या टोकांना ठरावीक प्रकारची झीज झालेली असते. ती झीज दिसली नाही तर तुम्ही बहुधा हाताळणाऱ्याचाच डीएनए वाचताय. प्रयोगशाळेचा अहवाल आला की हे पान आधी उघडा.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतला) आईकडूनच येतो आणि तुलनेने सहज मिळतो. त्यातल्या ठरावीक बदलांवरून त्याचे गट पाडतात. ढोबळमानाने 'एल' गट आफ्रिकेतले; ए, बी, सी, डी यांचे काही उपगट अमेरिकी मूलनिवासींचे; 'एम' चे अनेक उपगट भारतीय उपखंडातले. पण ही फक्त एक रेषा आहे. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, आणि ही रेषा त्यातल्या एकीपर्यंतच पोचते. बाकीच्या १,०२३ जणांबद्दल ती गप्प असते.

कुठे ही एक रेषाही पुरते, त्याचं सुंदर उदाहरण जुन्या गोव्यात आहे. जॉर्जियाच्या राणी केतेवानचा १६२४ साली शिराझमध्ये छळ करून वध झाला, आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष गोव्यातल्या आपल्या चर्चमध्ये आणल्याची पोर्तुगीज नोंद होती. नोंदीतल्या जागेच्या वर्णनावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पडक्या चर्चमध्ये शोध घेतला आणि २००४ साली हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेत तपासणी झाली. मायटोकॉन्ड्रियल गट निघाला 'यू१बी': भारतात न सापडणारा, जॉर्जिया आणि आसपास सापडणारा. इतकं होऊनही शास्त्रज्ञांनी 'हे हाड राणीचं असण्याची शक्यता आहे' असंच लिहिलं. २०२१ साली भारताने ते अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले.

पूर्ण जनुकसंचातून जास्त कळतं. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर सतराव्या शतकातले तीन गुलामांचे सांगाडे सापडले होते. उष्ण हवेत डीएनए जवळजवळ संपलेला, तरी २०१५ साली त्याचे उरलेसुरले तुकडे गोळा करून एकाचं नातं कॅमेरूनच्या उत्तरेकडच्या बांतू भाषकांशी, तर दोघांचं आजच्या नायजेरिया-घानाकडच्या लोकांशी लावता आलं. एकाच ठिकाणी पुरलेली ती तीन माणसं कदाचित एकमेकांची भाषाही जाणत नव्हती. मेक्सिको शहरातल्या सोळाव्या शतकातल्या सामूहिक दफनातल्या तीन आफ्रिकी माणसांच्या दातांत तर रोगजंतूंचेही जनुक मिळाले: एकात कावीळ-बीचा विषाणू, दुसऱ्यात यॉज या त्वचा-हाडांच्या रोगाचा जंतू. जंतूंच्या जातीवरूनही प्रवासाचा माग लागतो.

डीएनएचं उत्तर तुलनेच्या संग्रहाइतकंच चांगलं असतं. संग्रहात ज्या समाजाचे नमुनेच नाहीत, तो समाज उत्तरात कधी येणार नाही. त्याच्या शेजारचा येईल. आफ्रिकेबाबत हे वारंवार घडतं.

आठवी पायरी: साक्षी एकत्र बसवणं

अजनाल्याकडे परत येऊ. हाडं फाळणीच्या दंगलीतली, असं काहींचं मत होतं. दुसरं मत असं की १८५७ साली लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतून निघालेल्या २६ व्या बंगाल पायदळाच्या, पकडून मारलेल्या शिपायांची. तिथल्या ब्रिटिश डेप्युटी कमिशनरने हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं होतं. विहिरीत काही क्रम उरला नव्हता. मग ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांचे समस्थानिक तपासले गेले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ही माणसं पंजाबातली किंवा आजच्या पाकिस्तानातली नव्हती, गंगेच्या मैदानातली होती. बंगाल आर्मीत भरती कुठून होई, याच्याशी ते नेमकं जुळतं. फाळणीचं मत गळालं.

तुमच्या साक्षी जुळल्या नाहीत तर घाबरू नका. दात स्थानिक आणि डीएनए दूरचा, हा बहुधा वसाहतीत जन्मलेल्या पिढीचा पुरावा असतो. उलटही होतं. प्रत्येक साक्षीपुढे तिचा काळ लिहा (जन्माआधी, बालपण, प्रौढपण, अखेर, दफन) आणि त्या क्रमाने लावून पाहा. बरेचदा भांडणारे आकडे चरित्रासारखे ओळीत उभे राहतात.

अहवालातली भाषा जपून वापरा. 'हा माणूस आफ्रिकी होता' हे वाक्य चार प्रश्न एकत्र कोंबतं. त्याऐवजी असं लिहा: 'दुसऱ्या दाढेच्या स्ट्रॉन्शियमवरून या व्यक्तीचं बालपण या परिसरात गेलेलं नाही, पश्चिम आफ्रिकेतल्या प्राचीन खडकांच्या प्रदेशाशी आकडे सुसंगत आहेत, आईकडची रेषा आफ्रिकी आहे.' लांबतं, पण खोटं ठरत नाही. आणि क्रमांकाबरोबर 'नमुना' न लिहिता 'व्यक्ती' लिहा.

वंशजांशी जोडणं हा यापुढचा टप्पा. मेरीलँडमधल्या कॅटोक्टिन लोखंडभट्टीवर राबलेल्या आफ्रिकी-अमेरिकन २७ जणांचे जनुक २०२३ साली एका मोठ्या व्यावसायिक डीएनए संग्रहाशी ताडले, तेव्हा त्यांच्याशी जनुकीय नातं असलेली ४१,७९९ माणसं निघाली. असं काही हाती लागण्याची शक्यता असेल तर कोणाला, कसं आणि कोणाच्या संमतीने कळवायचं, हे नमुना कापण्याआधी ठरवून लिहून ठेवा.

शेवटी परत पाठवणं

अभ्यास संपल्यावर अवशेषांचं काय, हे वंशज आणि कायदा ठरवतो. तुमच्याकडचं काम साधं आहे. उरलेलं चूर्ण, कापलेल्या दाताचे तुकडे, चाळणीतले सुटे दात, सगळं त्याच क्रमांकाच्या व्यक्तीच्या पेटीत परत गेलं का ते यादी घेऊन तपासा. काहीही प्रयोगशाळेच्या कपाटात मागे राहता कामा नये. न्यूयॉर्कच्या ४१९ जणांना ऑक्टोबर २००३ मध्ये जिथून काढलं होतं तिथेच पुन्हा पुरलं, घानामध्ये हाताने कोरलेल्या लाकडी पेट्यांत. प्रत्येकासाठी वेगळी पेटी होती.